किलोला किलो नाही: गडद गव्हाची बिअर डब्याऐवजी धान्यापासून करताना

पुतण्या अमेरिकेत मिलवॉकीला असतो आणि घराच्या तळघरात बिअर करतो. मी सोलापूरचा. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस, मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) तपासण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर एक हिवाळा त्याच्याकडे राहिलो, तेव्हा त्याने डुंकेलवाइझन या गडद गव्हाच्या बिअरची कृती पुढे ठेवली आणि म्हणाला, "काका, या वेळी एक्स्ट्रॅक्टचे डबे नकोत, धान्यापासून करू. सव्वातीन किलो एक्स्ट्रॅक्ट लिहिलंय, तेवढंच माल्ट घेऊ."

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. तेवढंच घेतलं. दिवसभर राबलो. संध्याकाळी रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर पाहिला तर १.०३६. कृतीत होतं १.०५२. ब्रिक्समध्ये, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साखर किती ग्रॅम या मापात, सांगायचं तर १३ हवे होते, मिळाले ९. बिअर झाली, पण ताकात पाणी जास्त पडावं तशी.

जन्मभर ऊस गाळणाऱ्या कारखान्यात काढलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती. उसाचं वजन आणि साखरेचं वजन एक नसतं, मधे उतारा असतो. डब्यातलं एक्स्ट्रॅक्ट म्हणजे दुसऱ्या कुणी तरी माल्ट भिजवून, रस काढून, आटवून दिलेली काकवी. दिसतेही तशीच आणि चमच्यावरून ओघळतेही तशीच. तिचा उतारा कारखान्यात निघालेला असतो. धान्याकडे वळलात की उतारा तुमचा तुम्हाला काढावा लागतो. कृती बदलायची म्हणजे मुख्यतः हा एक आकडा मधे आणायचा.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगून टाकतो. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. हौस म्हणून केली, विकली नाही, तरीही. अमेरिकेत १९७९पासून केंद्राच्या कायद्याने घरच्यापुरती करायला मुभा आहे: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विक्री अजिबात नाही. तेव्हा हा लेख जिथे मुभा आहे तिथल्या मराठी मंडळींसाठी. सोलापुरात बसून काय करता येतं तेही पुढे येईल. ते यीस्टच्या अलीकडेच थांबतं.

बिअर कोणती

डुंकेलवाइझन ही बव्हेरियाकडची बिअर. 'गडद गव्हाची' म्हटलं की आपल्याकडे लोकांना बाजारात मिळतो तो काळा गहू आठवतो. त्याचा इथे संबंध नाही. गहू नेहमीचाच, रंग येतो तो भाजलेल्या माल्टमुळे. जर्मन रिवाजात अशा बिअरमध्ये निम्म्याहून जास्त माल्ट गव्हाचं असावं लागतं, उरलेलं जवाचं. चव पावाच्या कडक कडेसारखी, त्यावर केळं आणि लवंग. ही केळं-लवंग कुणी घालत नाही, ती त्या खास यीस्टची करामत. कडूपणा अगदी कमी, साधारण १० ते १८ आयबीयू (कडूपणाचं माप).

जुनी कृती, २० लिटरची

गव्हाचं द्रव एक्स्ट्रॅक्ट ३ किलो, म्हणजे दीड-दीड किलोचे दोन डबे. गव्हाचं कोरडं एक्स्ट्रॅक्ट पाव किलो. गडद कॅरॅमल माल्ट २५० ग्रॅम आणि सालं काढलेलं काळं भाजकं माल्ट, म्हणजे काराफा स्पेशल, १०० ग्रॅम. ही दोन्ही कापडात बांधून गरम पाण्यात अर्धा तास बुडवायची, चहाच्या पुरचुंडीसारखी. हॅलरटाऊ जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीवरची फुलं, ३५ ग्रॅम. गव्हाच्या बिअरचं यीस्ट.

हिशेब

एक किलो पदार्थातली सगळी साखर एक लिटर पाण्यात उतरली तर घनता किती वाढेल, त्याचे गुण धरायचे. १.०५२ म्हणजे ५२ गुण. द्रव एक्स्ट्रॅक्ट किलोला ३०० गुण देतं, कोरडं साधारण ३६५. गहू किंवा जवाच्या माल्टमध्येही किलोमागे ३००च्या आसपासच गुण असतात. फसायला होतं ते इथेच! आकडा सारखा दिसतो, पण एक्स्ट्रॅक्टमधले ३०० हातात पडतात आणि माल्टमधले ३०० नुसते आत असतात. नवख्याच्या हाताला त्यातले ६५ ते ७० टक्के लागतात. ७० धरले तर किलोमागे २१०.

आता आपले डबे. ३ किलोचे ९०० गुण, पाव किलो कोरड्याचे ९१. एकूण ९९१. भागिले २१०, म्हणजे ४.७ किलो माल्ट. आम्ही घेतलं होतं सव्वातीन. उतारा तेव्हाही ६७ टक्क्यांच्या घरात होता, म्हणजे हात वाईट नव्हता. चूक कागदावरच झाली होती.

कॅरॅमल आणि काळं माल्ट आहे तेवढंच ठेवा. ते आधीही धान्यच होतं, आताही धान्यच आहे. फक्त पुरचुंडीतून निघून मुख्य भांड्यात जातं.

४.७ किलोची वाटणी कशी? गव्हाच्या एक्स्ट्रॅक्टच्या डब्यात निव्वळ गहू नसतो. बहुतेक डब्यांत गहू निम्म्याहून थोडा जास्त आणि बाकी जवाचं माल्ट असतं, त्यामुळे ४.७ किलो सगळंच गव्हाचं घेऊ नका. शिवाय इथे एक नफा पदरात पाडून घ्या. म्युनिक या जरा गडद जवाच्या माल्टची पावाच्या कडेसारखी चव डबेवाल्या कृतीत नीट आणता येत नाही, कारण ते नुसतं बुडवून भागत नाही. त्यातल्या पिठाची साखर व्हायला ते ठरावीक तापमानात मुरावं लागतं. धान्याकडे वळण्याचं माझ्या मते हेच खरं कारण. पैसे वाचतात म्हणून वळणाऱ्याने आधी मोठ्या भांड्याची किंमत विचारावी.

नवी यादी अशी:

गव्हाचं माल्ट २.७ किलो
म्युनिक माल्ट १.२ किलो
पिल्सनर (फिकं जवाचं) माल्ट ८०० ग्रॅम
गडद कॅरॅमल माल्ट २५० ग्रॅम
काराफा स्पेशल १०० ग्रॅम
हॅलरटाऊ हॉप्स, ४ टक्के अल्फा (कडूपणा देणारं आम्ल), ३० ग्रॅम
गव्हाच्या बिअरचं यीस्ट

एकूण धान्य पाच किलो पन्नास ग्रॅम, त्यात गहू निम्म्याहून जास्त. हॉप्स ३५वरून ३०वर का आणले? डबेवाले बहुधा दहाएक लिटर घट्ट पाक उकळतात आणि शेवटी गार पाणी ओतून वीस करतात. घट्ट पाकात हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो. आता सगळं पाणी एकदम उकळणार, पाक पातळ, म्हणून कमी हॉप्स पुरतात. ३० ग्रॅम तासभर उकळले की १४ आयबीयूच्या आसपास येतात.

रंग किंचित फिका वाटला तर काळं माल्ट पुढच्या खेपेला २० ग्रॅम वाढवा. एक्स्ट्रॅक्ट आटवताना जरा गडद होतं, तेवढा फरक पडतो.

सोलापूरच्या स्वयंपाकघरात तालीम

पाच किलो धान्यावर शिकण्याआधी दोनशे ग्रॅमवर शिकावं. मी परत आल्यावर हे घरी केलं आणि पुतण्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. साधा गहू रात्रभर भिजवला, निथळून ओल्या फडक्यात बांधला, सकाळ-संध्याकाळ धुतला. मोड दाण्याएवढे लांब झाल्यावर पसरून वाळवला. वाळवायला सोलापूरचं ऊन कमी पडत नाही, पण मोड आणायचं काम थंडीत करा. एप्रिलमध्ये फडक्यातला गहू दुसऱ्याच दिवशी आंबूस होतो. वाळल्यावर तळहातावर चोळून मोड झाडले आणि मिक्सरवर दोन-तीन झटक्यांत भरड काढली.

आमच्या भागात ज्वारीचं राज्य. मंगळवेढ्याची मालदांडी घेऊन करू का, असं मनात येईल. पहिल्यांदा नको. ज्वारीतलं पीठ फुलायला जास्त तापमान लागतं आणि त्या तापमानाला साखर करणारी विकरं (एन्झाइम) टिकत नाहीत. गहू याबाबत सोपा.

भाकरीचा कॅसरोल डबा गरम पाण्याने शेकून घेतला. त्यात ७२ अंशांचं ६०० मिलिलिटर पाणी आणि २०० ग्रॅम भरड. ढवळल्यावर तापमान ६७. झाकण लावलं. दहा मिनिटांनी वरचं पाणी पांढऱ्या बशीत घेऊन औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचा थेंब टाकला: निळा-काळा, म्हणजे पीठ अजून शिल्लक. पंचवीस मिनिटांनी जांभळट. पन्नास मिनिटांनी थेंब पिवळट-तपकिरीच राहिला, पिठाची साखर झाली. बशीत धान्याचा कण येऊ देऊ नका, तो काळा पडणारच आणि तुम्ही उगाच थांबून राहाल. बशीतलं नंतर फेकून द्यायचं.

डब्याचं झाकण उघडलं तेव्हा बायको म्हणाली, "हुग्गी केली की काय?" वास खरंच गव्हाच्या खिरीचा होता आणि गूळ एक कणही घातला नव्हता. गाळलेलं पाणी चाखलं, गोड. कारखान्यातून राहिलेला, थेंबभर रसातली साखर मोजणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर लावून पाहिला. ब्रिक्सची ही सवय पुढे कामाला येते, एक पथ्य मात्र पाळा. यीस्ट घातल्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतो, कारण त्यात अल्कोहोल मिसळलेलं असतं. तिथे हायड्रोमीटरच.

हे गोड पाणी त्याच दिवशी पिऊन टाका. इथे एवढंच.

मिलवॉकीत खरा दिवस

भांडं निदान ३५ लिटरचं हवं आणि त्यात मावेल अशी बारीक जाळीच्या कापडाची पिशवी. चक्का टांगायचं कापड डोळ्यांसमोर आणा, फक्त पाच किलो ओलं धान्य पेलेल इतकं मजबूत. तोटीच्या भांड्यातून रस गाळायची दुसरी पद्धत आहे, पण गव्हाला साल नसते. तो चिकट लगदा होऊन तोटी तुंबते. त्या पद्धतीने जाणार असाल तर धुतलेला भाताचा तूस पाव किलो मिसळा. पिशवीत त्याची गरज पडत नाही.

माल्ट दुकानातच भरडून घ्या. पीठ नको, लापशीच्या रव्यापेक्षा जाड भरड हवी. गव्हाचा दाणा जवापेक्षा बारीक आणि टणक, तेव्हा गिरणीची फट जरा कमी करायला सांगा. आख्खा राहिलेला दाणा काहीच देत नाही. उतारा पडतो त्यातला निम्मा तरी इथेच पडतो असं माझं मत झालंय.

पाणी एकूण ३० लिटर. १५ मुरवायला, १५ धुवायला. डब्यांच्या कृतीत पाण्याचा फारसा विचार करावा लागत नव्हता, आता करावा लागतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते बिअरमध्ये राहिलं तर दवाखान्याचा वास येतो. मेटाबायसल्फाइटची कॅम्पडेन म्हणून मिळणारी गोळी अर्धी चुरून एवढ्या पाण्याला पुरते. उसाच्या रसाला गंधक-धुरी देणाऱ्या कारखान्यातल्या माणसाला यात नवल वाटलं नाही.

मुरवण्याचं पाणी किती तापवायचं हे धान्याच्या तापमानावर ठरतं. मिलवॉकीच्या तळघरात धान्य १२ अंशांवर होतं, तेव्हा ६७ मिळवायला पाणी साडेचौऱ्याहत्तर लागलं. सोलापुरात उन्हाळ्यात धान्यच ३८ अंशांवर असतं, तिथे ७१ पुरतं. म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलू नका. धान्य पाण्यात ओतताना एकाने ओतायचं, एकाने ढवळायचं, गुठळ्या फोडायच्या. पिठल्याला लागते तीच काळजी.

आता ६७ अंश तासभर टिकवायचे. गॅस बंद करा, पूर्ण बंद, आणि भांडं गुंडाळा. पुतण्याकडे आईने दिलेली सोलापुरी चादर होती, मोराच्या नक्षीची. तीच दोन पदरी गुंडाळली, वर झाकणावर दुसरी. तासाने उघडलं तर ६५. तिथल्या दुकानात यासाठी खास जाकीट मिळतं म्हणे.

तापमानावर तुमचा ताबा येतो तो इथे. एक्स्ट्रॅक्टची बिअर किती पातळ किंवा भरीव होणार हे डबा भरतानाच ठरलेलं असतं. आता ६४-६५ला मुरवलंत तर बिअर हलकी आणि कोरडी, ६८-६९ला भरीव. या बिअरला ६७ बरं. ४५ अंशांवर वीस मिनिटं थांबून मग वर चढलं तर लवंगेचा वास वाढतो, कारण यीस्ट ज्यापासून तो वास तयार करतं ते फेरुलिक आम्ल तिथे जास्त सुटतं. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. पहिल्या दिवशी एकच तापमान नीट सांभाळा.

तासाने आयोडीनचा थेंब. मग पिशवी उचला, निथळू द्या, आणि दुसऱ्या भांड्यातल्या ७५ अंशांच्या १५ लिटर पाण्यात दहा मिनिटं बुडवून ढवळा. कारखान्यात शेवटच्या मिलआधी बगॅसवर पाणी मारतात, त्याला इम्बिबिशन म्हणतात. हे तेच. चोथ्यात अडकलेली साखर धुऊन काढायची. पाणी ७७च्या वर नको, सालातला तुरटपणा उतरतो. पिशवी पिळायला हरकत नाही, हात भाजू देऊ नका म्हणजे झालं.

दोन्ही पाणी एकत्र केलं की २५ लिटर व्हायला हवं, कारण पाच किलो धान्य जवळजवळ पाच लिटर पिऊन बसतं. नमुना २० अंशांपर्यंत गार करून हायड्रोमीटर लावा. १.०४४ आलं तर शेवटच्या २० लिटरवर उतारा ७० टक्क्यांच्या आसपास बसतो. आमच्या दुसऱ्या खेपेला १.०४२ आलं. दोन गुण कमी, २५ लिटरला ५० गुण. कोरड्या एक्स्ट्रॅक्टचे किलोला ३६५, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम घातलं की भरपाई. म्हणून धान्यावर गेलात तरी पाव किलो कोरडं एक्स्ट्रॅक्ट फळीवर असू द्या. गाडीत स्टेपनी असते तसं.

उकळणं आणि गार करणं

तासभर खळखळ उकळा, झाकण न लावता. हॉप्स सुरुवातीलाच. पहिली पाच-दहा मिनिटं दुधासारखा फेस वर येतो, तेव्हा जागेवरून हलू नका. चार लिटर उडून २१ उरतात, एक तळाशी गाळात जातो. पुतण्याच्या घरच्या विजेच्या शेगडीवर २५ लिटर नुसतं शिजत होतं, उकळत नव्हतं. शेवटी अंगणात गॅसचा मोठा बर्नर लावला.

डबेवाले गार पाणी ओतून पाच मिनिटांत मोकळे होतात. ती सोय आता गेली. २१ लिटर उकळता रस सिंकमध्ये ठेवून तासन्‌तास गार होत नाही. तांब्याची नळी, तिच्यातून नळाचं पाणी, अर्ध्या तासात काम. बर्फात भांडं ठेवायचा प्रयोग आम्ही केला. भोवतालचा बर्फ वितळून पोकळी झाली आणि भांडं तिच्यात निवांत गरम राहिलं.

यीस्टपासून पुढे

इथून पुढे डब्यांच्या कृतीत आणि यात फरक नाही. १७-१८ अंशांना यीस्ट घाला आणि १७ ते २०च्या दरम्यान ठेवा. जास्त उष्णतेत केळं माजतं आणि डोकं धरणारी अल्कोहोलं तयार होतात. या यीस्टचा फेस प्रचंड, म्हणून २० लिटरला ३० लिटरचं बरणीवजा भांडं. दोन आठवड्यांत घनता १.०१३च्या आसपास येऊन सलग तीन दिवस तिथेच थांबली की बाटल्या भरा. २० लिटरला १६० ग्रॅम साधी साखर पुरते. बाटल्या जाड काचेच्याच घ्या, ही बिअर फार फसफसते.

मग वहीत एक ओळ लिहा. धान्य ५.०५ किलो गुणिले ३००, म्हणजे १५१५ गुण असायला हवे होते. वरून घातलेलं एक्स्ट्रॅक्ट वजा करून २० लिटरला आमचे मिळाले १०००, म्हणजे ६६ टक्के. पुढच्या वेळी ७०ऐवजी हाच ६६ धरून भागाकार करायचा. तीन खेपांनंतर हा आकडा फारसा हलत नाही.

राहिला चोथा, ओला सात-आठ किलो तरी. सोलापुरात असता तर शेजारच्या म्हशींनी वाट पाहिली असती. तिकडे बहुतेक कचऱ्यात जातो. आम्ही त्यातला थोडा ओव्हनमध्ये वाळवून दळला, कारण जवाची सालं तशीच राहिली तर घशाला टोचतात. भाजणीत मूठभर मिसळून थालीपीठ लावलं आणि शेंगा चटणीबरोबर खाल्लं. मुठीपेक्षा जास्त घातलं की ते तव्यावर तुटतं.